केस काठीसारखे, क्लोक आभाळात: स्कायरिम अपडेट झाल्यावर फिजिक्स मॉड नेमके कुठे तुटतात

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. दीड-दोन वर्षांनी स्कायरिम स्पेशल एडिशन हा गेम उघडलास, मधे स्टीमने गेम १.६.६४० वरून १.६.११७० वर नेऊन ठेवला होता, आणि आता कॅरेक्टरचे केस काठीसारखे ताठ राहतात. घरात शिरलं की टेबलावरची भांडी उडतात. तू घाबरून सगळे मॉड (लोकांनी गेमसाठी बनवलेल्या जोड-फाइल्स) काढून परत टाकलेस, तर गेममधल्या तुझ्या एका साथीदाराचा क्लोक, म्हणजे पाठीवरचा झगा, ताणला जाऊन आभाळात जायला लागला. मग दुसऱ्यांदा सगळं परत टाकलंस, आणि आता तर मेन मेन्यू यायच्या आधीच गेम बंद. आता विंडोजच फॉरमॅट मारू का असं विचारतोयस.

नको मारूस. तुझ्याकडे एक प्रॉब्लेम नाहीये, चार आहेत, आणि माझ्या मते त्यातले दोन अपडेटने केलेत आणि दोन तू स्वतः केलेस. रागावू नकोस, मी पण हेच केलेलं आहे, २०२१ मध्ये दोन रात्री घालवून. माझ्याकडे येणाऱ्या "अपडेटनंतर सगळं तुटलं" वाल्या केसेसमध्ये निम्म्या वेळेला असंच निघतं की अपडेटने एक गोष्ट तोडली होती आणि बाकीच्या चार दुरुस्त करताना तुटल्या.

तुझ्या प्रश्नात एक ओळ होती जी तू सहज लिहून गेलास, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. पहिल्यांदा गेम सुरू करताना एक बॉक्स यायचा, त्यात दोन-तीन डीएलएलची (मॉडच्या प्रोग्राम-फाइल्सची) नावं असायची, आणि "बाहेर पडायचं का" असं विचारल्यावर तू "नो" दाबून पुढे जायचास. अरे तोच बॉक्स तर सांगत होता सगळं! त्याच्याकडे येतो, पण त्याआधी आत काय चालतं ते थोडं समजून घे, नाहीतर पुढच्या अपडेटला परत इथेच येशील.

स्कायरिमच्या स्वतःच्या फिजिक्ससाठी हॅवोक नावाचं इंजिन वापरलंय. भांडी पडणं, मेलेला ड्रॉगर पायऱ्यांवरून गडगडत खाली येणं, ते सगळं हॅवोक बघतं. पण केस आणि कापड हलवायचं काम हॅवोककडे नाहीये. तू जो फास्टर एचडीटी-एसएमपी वापरतोस, ज्याला सगळे एफएसएमपी म्हणतात, तो गेमच्या आतच एक दुसरं फिजिक्स इंजिन चालवतो, बुलेट नावाचं, जे ओपन सोर्स आहे. दर फ्रेमला तो गेमकडून सांगाड्याची हाडं कुठे आहेत ते विचारतो, स्वतःचं गणित करतो आणि केसांची, कापडाची हाडं हलवून परत देतो. म्हणजे तुझ्याकडे दोन वेगळी फिजिक्स आहेत, आणि केस ताठ होणं आणि भांडी उडणं याचा एकमेकांशी थेट काही संबंध नाही. दोन्ही "फिजिक्स" म्हणून लोक एकाच पोत्यात भरतात आणि मग डोकं फिरतं.

आता हा विचारतो कसा? गेममध्ये मॉडवाल्यांसाठी असं काही दार ठेवलेलं नाही. म्हणून एसकेएसई, म्हणजे स्क्रिप्ट एक्स्टेंडर, हे मॉडना आत शिरू देणारं टूल लागतं. त्याचे प्लगिन (त्या डीएलएल) गेमच्या एक्झीमधल्या, म्हणजे मुख्य प्रोग्राम-फाइलमधल्या, ठराविक फंक्शनच्या पत्त्यावर जाऊन बसतात. चाळीचं उदाहरण घे. पोस्टमनला पाठ आहे की दुसऱ्या मजल्यावर १४ नंबरची खोली म्हणजे जोशीकाका. अपडेट आलं म्हणजे मधे कोणीतरी एक खोली वाढवली, आता जोशीकाका १५ मध्ये. पोस्टमन १४ चं दार वाजवतो आणि भलतंच कोणीतरी उघडतं. गेमच्या बाबतीत भलत्या दारात हात घातला की एकतर काहीच होत नाही किंवा सरळ डेस्कटॉपवर येतोस.

अ‍ॅड्रेस लायब्ररी म्हणजे गेटवरची रहिवाशांची यादी. प्लगिनने "१४ नंबर" न म्हणता "जोशी" म्हणायचं, यादी बघून आजचा खोली नंबर मिळतो. म्हणून हल्लीचे बरेच प्लगिन छोट्या अपडेटनंतर स्वतः न बदलता चालतात, फक्त यादी नवीन लागते. पण ११ नोव्हेंबर २०२१ ला, गेमच्या दहाव्या वाढदिवसाला, जे अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट आलं त्यात आख्खी चाळच रिडेव्हलप झाली. गेम ज्या कंपायलरवर बांधतात तोच बदलला, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ वरून २०१९ वर गेले, त्यामुळे तीच माणसं पण मजले, जिने, नंबर सगळं वेगळं, आणि प्लगिन लिहिणाऱ्यांना एकेक फंक्शन नव्याने शोधत बसावं लागलं. म्हणून आजही १.५.९७ आणि १.६ ची दोन वेगळी जगं आहेत. मग सप्टेंबर २०२२ मध्ये १.६.६२९ आलं, तेव्हा नंबर तर हललेच पण काही खोल्यांच्या आतली मांडणी पण बदलली, म्हणजे दार बरोबर उघडलं तरी स्वयंपाकघर जिथे वाटलं तिथे बाथरूम. अशा वेळी नुसती यादी कामाची नाही, प्लगिनच नवीन लागतो. आणि ५ डिसेंबर २०२३ ला १.६.११३० आलं, क्रिएशन्सवालं (गेमच्या आतलं मॉडचं दुकान), आणि पुढच्याच महिन्यात १.६.११७०, जिथे तू आत्ता आहेस.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी गेमचा नंबर डोळ्याने बघ, आठवणीवर जाऊ नकोस. गेमच्या फोल्डरमध्ये स्कायरिमएसई नावाची एक्झी आहे, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे फाइल व्हर्जन लिहिलेलं असतं. तू १.६.११७० म्हणतोस ते मी धरून चालतो. त्याला एसकेएसई २.२.६ लागतं, ते तू टाकलंयस म्हणतोस, छान. ६४० ला २.२.३ होतं आणि १.५.९७ ला २.०.२०, हे जोड्या लावा सारखं आहे, इकडचं तिकडे चालत नाही. कोणी गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली कॉपी वापरत असेल तर तिचं एसकेएसई वेगळं असतं, तिथे नवीन व्हर्जनला ११७९ म्हणतात. अजून एक, एसकेएसईच्या झिपमध्ये एक्झी आणि डीएलएल असतात ते गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये जातात, पण सोबत स्क्रिप्ट्स पण असतात त्या डेटामध्ये. लोक पहिलं नवीन टाकतात आणि दुसरं जुनंच राहतं. गेममध्ये कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून "गेटएसकेएसईव्हर्जन" टाइप केलं की कळतं काय चालू आहे.

मग लॉग. डॉक्युमेंट्स, माय गेम्स, स्कायरिम स्पेशल एडिशन, आत एसकेएसई नावाचं फोल्डर, त्यात एसकेएसई६४ नावाचा लॉग. विंडोज ११ वर बऱ्याच जणांचं डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेलं असतं, तर सापडलं नाही तर तिथे बघ. पहिली गोष्ट, फाइलची तारीख आणि वेळ बघ. जर ती आजची नसेल तर एसकेएसई चालूच झालेलं नाहीये, म्हणजे तू स्टीमच्या प्ले बटणावरून गेम सुरू करतोयस, आणि मग बाकी काही शोधण्यात अर्थ नाही. हसू नकोस, हे रोज होतं. आणि तसं चालवून सेव्ह केलंस तर सेव्हच्या सोबत जी एसकेएसईची जोडफाइल बनते ती बनत नाही, मग काही मॉडच्या सेटिंग्ज उडतात. केसांच्या फिजिक्सचं त्यात काही जात नाही, ते सेव्हमध्ये साठतच नाही, पण बाकीचं जातं.

लॉगमध्ये खाली येत राहिलास की प्रत्येक प्लगिनची एक ओळ दिसेल. चांगली ओळ संपते "लोडेड करेक्टली" ने. तुला बघायच्यात त्या बाकीच्या. "डिसेबल्ड" आणि पुढे अ‍ॅड्रेस लायब्ररी अपडेट करायला सांगितलं असेल तर यादी जुनी आहे. "डिसेबल्ड" आणि पुढे फक्त १.६.६२९ च्या आधीच्या व्हर्जनला चालेल असं असेल तर तो प्लगिन त्या आतल्या मांडणीच्या बदलाआधीचा आहे, यादी कितीही नवीन आणलीस तरी तो उठणार नाही, त्याचं नवीन व्हर्जनच शोधावं लागेल. आणि "कुडंट लोड" आणि एरर कोड १२६ किंवा ७ई असं असेल तर प्लगिनला लागणारी दुसरी कुठलीतरी डीएलएल मशीनवर नाहीये, बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल जुनं असतं किंवा नसतंच. या तीन ओळी ओळखता आल्या की अपडेटनंतरच्या बऱ्याचशा केसेस तिथेच सुटतात. तो बॉक्स, ज्याला तू "नो" म्हणत होतास, तो याच लॉगमधल्या वाईट ओळी तुला समोर दाखवत होता.

माझा अंदाज सांगतो. तू "सगळं परत टाकलं" म्हणतोस, पण कुठून टाकलंस? मॉड ऑर्गनायझरच्या (मॉड टाकायच्या-सांभाळायच्या टूलच्या) डाउनलोड्स टॅबमधून ना? तिथे दीड वर्षापूर्वीच्याच झिप पडलेल्यात. तू जुनं काढून तेच जुनं परत टाकलंस. नेट महाग, डेटा लिमिट, मी समजू शकतो, मी पण तेच करायचो, पण यात तीन झिप तरी नेक्सस या मॉडच्या साइटवरून नव्याने आणायलाच लागतात: अ‍ॅड्रेस लायब्ररी, एफएसएमपी, आणि डिस्प्ले ट्वीक्स. तिन्ही मिळून मोठी नाहीत.

अ‍ॅड्रेस लायब्ररी घेताना जरा थांब. १.५ वाल्यांची यादी वेगळी, १.६ वाल्यांची वेगळी. टाकल्यावर मॉडच्या फोल्डरमध्ये, एसकेएसई, प्लगिन्स, तिथे जाऊन नावं बघ. जुन्या जगाच्या फाइलचं नाव नुसतं "व्हर्जन" ने सुरू होतं, नव्या जगाच्या फाइलचं "व्हर्जनलिब" ने. तुला "व्हर्जनलिब" आणि पुढे १-६-११७०-० अशी फाइल दिसलीच पाहिजे. ती नसेल तर बाकी सगळं सोन्याचं असलं तरी उपयोग नाही. माझ्या त्या दोन रात्री गेल्या होत्या त्या इथेच, चुकीच्या जगाची यादी घेऊन बसलो होतो आणि दोष केसांच्या मॉडला देत होतो.

ताठ केसांचं उत्तर बहुतेक एवढंच आहे. प्लगिन लोड झाला नाही, म्हणून हाडं हलवणारं कोणी नाही, म्हणून केस ज्या आकारात मेशमध्ये (थ्रीडी आकाराच्या फाइलमध्ये) आहेत त्याच आकारात उभे. मेश, टेक्स्चर, केसांचा मॉड, यात काही बिघडलेलं नाही, त्यांना हात लावू नकोस. एक खूण लक्षात ठेव: सगळ्यांचे सगळे केस-कापड ताठ असेल तर प्लगिन, एकाच वस्तूचं ताठ असेल तर त्या वस्तूची एक्सएमएल. प्रत्येक फिजिक्सवाल्या मेशमध्ये एका एक्सएमएल फाइलचा रस्ता लिहिलेला असतो, ती फाइल तिथे नसेल तर तो कपडा बिचारा साधा कपडा होऊन राहतो. निफस्कोप नावाच्या टूलमध्ये मेश उघडून तो रस्ता वाचता येतो. आणि गर्दीच्या ठिकाणी लांबच्या लोकांचे केस ताठ आणि जवळच्यांचे हलतायत, असं असेल तर तो बिघाडच नाही, एफएसएमपी फ्रेमरेट वाचवायला एका वेळी किती सांगाडे चालवायचे ते स्वतः कमी-जास्त करतो. कॉन्फिग्स नावाच्या एक्सएमएलमध्ये ते बदलता येतं. मॉड नवीन टाकल्यावर ही फाइल पण नवीन येते बरं का, म्हणजे तू पूर्वी काही आकडे बदलले असशील तर ते गेले, आधी कॉपी काढून ठेव. आकडे बदलल्यावर गेम बंद करायची गरज नाही, कन्सोलमध्ये "एसएमपी रीसेट" म्हटलं की परत वाचतो.

आता भांडी. हा प्रकार मला सगळ्यात गमतीचा वाटतो कारण दोषी भलताच असतो.

हॅवोकचं इथलं गणित सेकंदाला ६० फ्रेम धरून केलेलं आहे. आयएनआयमध्ये (गेमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) हॅवोक विभागात एफमॅक्सटाइम नावाचा आकडा असतो, ०.०१६७ च्या आसपास, म्हणजे एक भागिले साठ. तुझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे म्हणतोस. गेम १४४ ने पळायला लागला आणि हा आकडा तोच राहिला की वस्तू बावचळतात, दार उघडून आत गेलास की ताटं, वाट्या, चीजचे तुकडे भिंतीला. सुरुवातीची हेल्गेनची बैलगाडी, सॉरी घोडागाडी, तिचे पण यामुळेच कोलांटउड्या मारतानाचे व्हिडिओ बघितले असशील. मग पूर्वी का नाही व्हायचं? कारण तुझ्याकडे एसएसई डिस्प्ले ट्वीक्स होता, जो फ्रेमरेट बघून तो आकडा चालता चालता बदलतो. आणि तो पण एसकेएसईचा प्लगिन आहे! म्हणजे यादी जुनी झाली तसा तो पण झोपला, आणि त्याला तू फिजिक्स मॉड समजतच नव्हतास म्हणून त्याच्याकडे बघितलंच नाहीस. तू लिहिलेल्या त्या बॉक्समधल्या नावांत तो असणार, पैज लावतो.

काही जण सांगतील की तो आकडा हाताने एक भागिले १४४ कर, ०.००६९. करू शकतोस, पण मग जंगलात जिथे तुझा फ्रेमरेट ७० वर येतो तिथे वस्तू पाण्यात पडल्यासारख्या हळू पडतात. तो प्लगिन चालू होईपर्यंत सरळ ६० वर कॅप लाव, एवढं पुरतं. आणि हाताने आयएनआय बदलायचीच असेल तर मॉड ऑर्गनायझरच्या आतल्या आयएनआय एडिटरमधून बदल, कारण प्रोफाइलसाठी वेगळ्या आयएनआय ठेवलेल्या असतील तर तो त्याच वाचतो, आणि तू डॉक्युमेंट्समधली फाइल कितीही बदललीस तरी गेमला पत्ताच नाही. यात लोकांचा आख्खा रविवार गेलेला मी बघितलाय.

इथपर्यंतचं अपडेटने केलेलं. एकच मूळ, जुनी यादी आणि जुने प्लगिन, त्यातून केस पण गेले आणि भांडी पण.

आता क्लोक. हा पहिल्यांदा मॉड परत टाकल्यानंतर सुरू झाला असं तू स्वतःच लिहिलंयस, आणि फक्त एकाच साथीदाराचा जातो, तुझ्या कॅरेक्टरने तोच क्लोक घातला तर ठीक. म्हणजे क्लोकची एक्सएमएल बरोबर आहे. आणि क्लोक उडतोय म्हणजे एसएमपी चालतंय का असं वाटेल, पण ते तसं नसतं, हाड सापडलं नाही तरी त्याला बांधलेली मेशची टोकं कुठेतरी लांब जाऊन बसतात आणि कापड ताणलेलं दिसतं. मला इथे सांगाड्याचा वास येतोय. तू एक्सपी३२चा सांगाडा वापरतोस, आणि तो साथीदार स्वतःचा सांगाडा घेऊन येणारा असेल किंवा दुसऱ्या कुठल्या मॉडने सांगाड्याची फाइल आणली असेल, तर जो शेवटी बसतो तो जिंकतो. सगळं काढून परत टाकताना मॉड ऑर्गनायझरच्या डावीकडच्या यादीत ते नव्या क्रमाने बसले असणार, तू डाउनलोड टॅबमध्ये ज्या क्रमाने डबल क्लिक केलंस त्या क्रमाने. दीड वर्षापूर्वी तू तो क्रम विचार करून लावला होतास, तो आता गेला.

बघायचं असं: यादीत एक्सपी३२ वर डबल क्लिक कर, कॉन्फ्लिक्ट्स टॅब उघड, आणि ज्या फाइल्स दुसऱ्या मॉडने दाबल्यात त्या भागात "स्केलेटन" नाव असलेली काही आहे का बघ. असेल तर समोर दाबणाऱ्या मॉडचं नाव पण दिसेल. एक्सपी३२ ओढून त्याच्या खाली ने. साथीदाराचा सांगाडा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर तो या टॅबमध्ये दिसणार नाही, तेव्हा त्या साथीदाराच्या मॉडच्या पानावर एक्सपी३२ साठी पॅच आहे का बघावं लागेल. हे मात्र मॉडवर अवलंबून आहे, तू त्याचं नाव दिलं नाहीस म्हणून मी यापेक्षा जास्त बोलत नाही. आणि क्लोक कायम ताणलेला नसून फक्त घोड्यावरून उतरताना किंवा फास्ट ट्रॅव्हलनंतर क्षणभर फडकून परत जागेवर येत असेल तर ते सोड, माणूस एका फ्रेममध्ये लांब उडाला की बुलेटला तो अंतराचा झटका वाटतो, एसएमपी रीसेटने शांत होतो.

राहिलं मेन्यूआधीचं क्रॅश. दुसऱ्यांदा टाकताना एफएसएमपीच्या इन्स्टॉलरने विचारलं असेल, एव्हीएक्स नको, एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एव्हीएक्स-५१२ (प्रोसेसरच्या जलद सूचनांचे हे प्रकार), आणि तू लिहिलंयस की "या वेळी सगळ्यात फास्ट वालं घेतलं". तुझा लॅपटॉप १२व्या जनरेशनचा आय५. त्या पिढीत इंटेलने एव्हीएक्स-५१२ बंद ठेवलंय. प्रोसेसरला जी सूचना माहीतच नाही ती दिली की तो तिथल्या तिथे हात वर करतो, आणि हे इतक्या लवकर होतं की क्रॅश लॉगर पण कधी कधी जागा झालेला नसतो, म्हणून तुला लॉग मिळाला नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलंस तर कोड सी०००००१डी असा काहीतरी दिसेल, त्याचा अर्थच "ही सूचना मला येत नाही". इन्स्टॉलर परत चालव आणि एव्हीएक्स२ घे. बस.

माझ्या मावसभावाचं याच्या उलट झालं होतं. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड ऑफिस पीसी, थर्ड जनरेशनचा आय५, आणि मी फोनवर आत्मविश्वासाने सांगितलं एव्हीएक्स२ घे, सगळ्यांकडे असतं. नसतं. एव्हीएक्स२ इंटेलमध्ये चौथ्या जनरेशनपासून आलं, २०१३ ला, आणि आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे ऑफिसमधून निघालेले डबे अजून ढिगाने चालतायत. पेंटियम-सेलेरॉनच्या बऱ्याच पिढ्यांमध्ये तर साधं एव्हीएक्स पण नाही. त्यामुळे आता मी आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारतो आणि मगच तोंड उघडतो. रायझन ७००० वाल्यांनी हवं तर ५१२ घ्यावं, त्यांच्याकडे खरंच आहे, पण माझ्या अनुभवात डोळ्याला फरक कळण्याइतका नसतो.

म्हणजे क्रम असा ठेव: आधी इन्स्टॉलरमधून एव्हीएक्स२ करून क्रॅश घालव, कारण गेम उघडल्याशिवाय बाकीचं बघता येणार नाही. मग अ‍ॅड्रेस लायब्ररी, एफएसएमपी आणि डिस्प्ले ट्वीक्स नवीन, लॉगमध्ये तिन्हीकडे काय लिहिलंय ते वाचायचं. मग केस, भांडी बघायची. शेवटी क्लोक. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर लॉग, आणि टेस्ट करताना मुख्य सेव्ह वापरू नकोस, नवीन गेम सुरू करून कन्सोलने "सीओसी रिव्हरवुड" मारलं, म्हणजे थेट रिव्हरवुड गावात उतरलास, तरी काम होतं.

तू हेही विचारलंस की यापेक्षा जुन्या व्हर्जनवर परत गेलो तर? हे खरंच परिस्थितीवर आहे. तुझी यादी बघता, बरेचसे प्लगिन असे आहेत ज्यांचे लेखक अजून जागे आहेत आणि एकच डीएलएल १.५ ला पण आणि १.६ ला पण चालेल असं बांधतात. तुझ्यासाठी पुढे जाणं सोपं आहे, ११७० वरच रहा. पण एखादा तुझ्या जिवाभावाचा मॉड असेल ज्याचा लेखक २०२१ नंतर गायब आहे आणि सोर्स पण दिलेला नाही, तर १.५.९७ हाच रस्ता उरतो. स्टीमच्या कन्सोलमधून जुने डेपो (जुन्या व्हर्जनच्या फाइल्स) उतरवता येतात, नेक्ससवर डाउनग्रेड करणारे पॅचर आहेत. फक्त एक गोष्ट विसरतात लोक: डिसेंबर २०२३ च्या अपडेटपासून मॉडच्या डेटा-फाइलच्या (ईएसपी वगैरे, डीएलएल नव्हे, पण यांनाही प्लगिनच म्हणतात) हेडरचा नंबर १.७१ झालाय, हलक्या प्लगिनमध्ये जास्त रेकॉर्ड मावावेत म्हणून, आणि त्यानंतर बनलेले काही ईएसपी जुन्या गेमवर नीट वाचले जात नाहीत. त्यासाठी बीईईएस नावाचा मॉड लागतो. डाउनग्रेड केलं, बीईईएस टाकला नाही, आणि मग "डाउनग्रेडने पण क्रॅश होतं" म्हणून आलेले किती तरी बघितलेत.

सगळं चालू झालं की त्याच दिवशी अपडेट बांधून ठेव. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीज, अपडेट्स, तिथे "मी लाँच करेन तेव्हाच अपडेट कर" हे निवड, आणि कायम एसकेएसईच्या लोडरनेच गेम चालव, स्टीमचं प्ले बटण विसर. त्यावर अजून खात्री हवी असेल तर स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमध्ये ४८९८३० नंबरची अ‍ॅपमॅनिफेस्ट फाइल आहे ती रीड-ओन्ली कर. मी स्वतः एवढ्यावर पण विश्वास ठेवत नाही, गेमचं आख्खं फोल्डर कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलंय आणि मॉड ऑर्गनायझरला तिकडे वळवलंय, स्टीमला त्याच्या कॉपीचं काय करायचं ते करू दे. पंधरा-वीस जीबी जागा जाते, तुझ्या लॅपटॉपला ५१२ ची एसएसडी आहे तर विचार करून कर. आणि नेक्ससवरून उतरवलेल्या झिपच्या बाजूला तारीख लिहिलेली टेक्स्ट फाइल ठेव, कुठल्या गेम व्हर्जनला चालत होत्या ते. कंटाळवाणं आहे, पण दीड वर्षाने तूच दुवा देशील.

एव्हीएक्स२ केल्यावर पण मेन्यू आला नाही तर एसकेएसई६४ लॉगच्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी इथे टाक. आणि त्या साथीदाराच्या मॉडचं नाव पण टाक, क्लोकचं त्याशिवाय पुढे सरकणार नाही.